बसल्यावर शांत वाटतं, उठल्यावर गडगा आठवतो : ध्यान, योग आणि करुणा

रातांबा (धागाकर्ती)

मंडळी, मिरग लागला. मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद, आंबा संपला, लावणीला अजून अवकाश. वाडीतल्या योगवर्गाला सवड मिळायचे हेच दिवस. २१ जूनचा योगदिनही नेमका याच पावसात येतो आणि ओल्या सतरंजीवर शवासन करून माणसं सर्दी घेऊन घरी जातात. तो विषय वेगळा. म्हणजे फार वेगळा नाही, पुढे येईलच.

मुद्दा असा. महिना-दोन महिने नेमाने आसनं, प्राणायाम केला की झोप सुधारते, चिडचिड उतरते. पण वर्गात पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते हे : शांत झालो, मायाळू कुठे झालो? भावकीतला वाद, सरकवलेला गडगा (हद्दीचा दगडी बांध), अडवलेली पाणंद हे सगळं शवासनातून उठल्याबरोबर जागच्या जागी असतं. करुणेसाठी वेगळं काही करायचं असेल तर नेमकं काय, किती मिनिटं, कोणत्या क्रमाने?

विनंती एकच. "मला कसा साक्षात्कार झाला" हे इथे नको. पद्धत सांगा, चुका सांगा.

सड्यावरून

रातांबाताई, क्रम उलटा धरला जातो, घोटाळा तिथेच आहे. योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं ३३वं सूत्र काढून बघा. चित्त प्रसन्न झालं की मग करुणा येते, असं पतंजली म्हणतच नाहीत. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगुलपणाचा आनंद) आणि उपेक्षा यांच्या भावनेने चित्त प्रसन्न होतं, असं ते म्हणतात. करुणा साधन आहे, शांतता फळ. श्वासाचा उपाय त्याच्या पुढच्या, ३४व्या सूत्रात येतो आणि तोही "वा", म्हणजे "किंवा" लावून. आपण वर्गात ३४वं घोटून घेतो आणि ३३वं फळ्यावर लिहून पुसतो.

यातला "भावना" हा शब्द आजच्या अर्थाने घेऊ नका. वैद्य चूर्णाला आवळ्याच्या रसाची भावना देतात, ती ही भावना. रस ओतायचा, खलायचं, सुकू द्यायचं, पुन्हा ओतायचा. सात भावना म्हणजे हे सगळं सात वेळा. मनात एकदा माया दाटून आली, डोळे पाणावले, याला भावना देणं म्हणत नाहीत.

आणि सूत्रात चार वृत्ती चार जणांसाठी वाटून दिल्या आहेत. जो सुखात आहे त्याच्याशी मैत्री, दुःखात आहे त्याच्याविषयी करुणा, चांगलं वागणाऱ्याविषयी मुदिता, वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. सगळ्यांना करुणाच द्यायची असं नाही. शेजाऱ्याच्या हापूसला आपल्यापेक्षा चांगला भाव मिळाला, तर तिथे करुणेचं काय काम? तिथे मैत्री लागते, आणि खरं सांगायचं तर चारांत तीच जड जाते.

बंदरवाट

म्हंजे गडगो सरकवणाऱ्याची पण माया करूची? ह्यां काय जमाचां नाय.

सड्यावरून

बंदरवाट, तुला कोणी सांगितलंय करायला? तो चौथ्या खान्यातला. त्याच्यासाठी उपेक्षा. उपेक्षा म्हणजे त्याला मनात रोज रात्री जेवायला न बोलावणं. मोजणीचा अर्ज जरूर करायचा, तारखेला हजर राहायचं, कागद नीट लावायचे. फक्त अर्ज देऊन आल्यावर तोच वाद डोक्यात पुन्हा पुन्हा लढायचा नाही.

उपेक्षेची खूण सोपी आहे. त्या माणसाचं नाव निघाल्यावर जबडा आवळला गेला का बघा. जबडा सैल आणि अर्ज चालू, तर उपेक्षा. जबडा आवळलेला आणि तोंडाने "आपल्याला काय त्याचं", तर तो नुसता झाकलेला राग.

तिरफळ

सड्यावरून यांच्याशी सहमत, पण बौद्ध परंपरेत याच चार गोष्टी (ब्रह्मविहार) जरा वेगळ्या लावल्या आहेत. तिथे चार खाने नाहीत, चारही वृत्ती शेवटी सगळ्यांसाठी. मात्र कोणापासून सुरुवात करायची त्याचा क्रम कडक आहे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात मैत्रीचा क्रम असा : आधी स्वतः, मग आदर वाटतो अशी व्यक्ती, मग जिवलग, मग ना प्रेमाची ना वैराची अशी व्यक्ती आणि सगळ्यात शेवटी वैरी. गोराईच्या पॅगोडात किंवा इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर असतं तिथेही पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून विपश्यना आणि मैत्री दहाव्या दिवशी. म्हणजे करुणा आपोआप गळून पडेल असं तिथेही कोणी धरलेलं नाही, वेगळी शिकवतात.

रोजच्या बैठकीत १२ मिनिटं पुरतात. पहिली २ मिनिटं नुसता श्वास. मग कोणाला तरी डोळ्यांसमोर आणायचं आणि तीन छोटी वाक्यं मनात म्हणायची : सुखी असो. निरोगी असो. भयमुक्त असो. एका उच्छ्वासावर एक वाक्य, म्हणजे आपोआप सावकाश होतं. एका माणसाला ३ मिनिटं, तीन माणसं, उरलेलं मिनिट गप्प. पहिले दोन आठवडे वैऱ्याचं नावही काढायचं नाही. लोक तिसऱ्याच दिवशी थेट त्याच्यावर जातात, डोकं तापतं आणि मग "हे आपल्याला जमत नाही" म्हणून सोडून देतात. तो दोष पद्धतीचा नव्हे.

स्वतःपासून सुरुवात बऱ्याच जणांना अवघड जाते. स्वतःला "सुखी असो" म्हणताना लाज वाटते, किंवा काहीच वाटत नाही. तेव्हा घरातलं वासरू, मांजर, शेजारचं रांगतं पोर घ्या. जिथे माया आधीच वाहते तिथून पाट काढायचा. दोन पथ्यं जुन्या ग्रंथातलीच आहेत. गेलेल्या माणसावर हा अभ्यास करायचा नाही, आणि जिच्याविषयी आकर्षण आहे अशा व्यक्तीवर सुरुवात करायची नाही. पहिल्यात शोक वर येतो, दुसऱ्यात आसक्ती.

तिसऱ्या जागी वाडीतलं असं माणूस घ्या की ज्याचं आपल्याला काहीच नाही. एसटीचा कंडक्टर, रेशन दुकानातला मापाडी, रोज दिसणारी पण नाव माहीत नसलेली कोळीण. खरं काम इथे होतं. मायेच्या माणसावर माया असतेच, पण या मधल्या माणसावर ती पसरली की वैऱ्याचा कठडा आपसूक खाली येतो.

सोनचाफा

तिरफळ, फार छान. एक विचारते. करुणेत रडू येतं, बैठक संपल्यावर थकवा येतो. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बायकांना तर जास्तच. हे बरोबर की चूक?

तिरफळ

सोनचाफाताई, याला परंपरेत नाव आहे : जवळचा शत्रू. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक, तो करुणेसारखाच दिसतो म्हणून घरात घुसतो. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती. उपेक्षेचा जवळचा शत्रू बेपर्वाई.

मेंदूच्या संशोधनातही हा फरक दिसला आहे. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या गटाने २०१४ साली मांडलं, की दुसऱ्याचं दुःख नुसतं आपल्यात उतरवण्याचा सराव केला तर नकोशा भावना वाढतात; त्याच लोकांना पुढे करुणेचा सराव दिला तर त्या उतरतात आणि उबदार भावना वाढते. मेंदूतली जाळीही दोन्हींना वेगवेगळी. म्हणून रडू आलं तर वाक्य बदला. "किती दुखतंय हिला" इथे थांबू नका, "हे हलकं होवो" इथे या. लक्ष दुखण्यावरून इच्छेवर आणायचं. आणि श्वास बघा. शोकात श्वास वर छातीत अडकतो, करुणेत पोटापर्यंत खाली जातो.

आपल्या भाषेतच किती बारकावे आहेत बघा. दया, कीव, कणव, माया. कीव नेहमी वरून खाली केली जाते. ध्यानात "बिचारा" हा शब्द मनात आला की समजा कीव चालू आहे. कणव समोरासमोर बसते.

बंदरवाट

ता सगळा खरा. पण दहा मिनटां बसान ऱ्हवल्यार पाय झिणझिणतत, मग कसली कणव न काय. त्याचा काय करूचा तां सांगा आधी.

सोनचाफा

हा प्रश्न आधी यायला हवा होता 😄

मुंग्या येतात त्या पायाच्या शिरांवर, बहुतेक वेळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या नसेवर, दाब पडतो म्हणून. कारण बैठक फार खाली असते. गुडघे कमरेच्या सांध्याच्या खाली गेले पाहिजेत, आणि सपाट जमिनीवर खुर्चीची सवय असलेल्या बहुतेकांचे ते जात नाहीत. घरातला जेवायचा पाट घ्या, त्यावर गोधडीची घडी, दोन्ही मिळून १० ते १५ सेंटिमीटर उंची. पाटाच्या पुढच्या निम्म्यावरच बसायचं, पूर्ण मागे सरकायचं नाही, म्हणजे ओटीपोट पुढे कलतं आणि पाठ जोर न लावता सरळ राहते. गुडघा तरंगत असेल तर खाली पंचा गुंडाळून द्या. पद्मासनाचा हट्ट नको, स्वस्तिकासन किंवा सुखासन पुरे. गुडघेदुखी असेल त्यांनी खुर्चीवर बसावं, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पाठ टेकवलेली नाही. तरी मुंग्या आल्या तर सहन करत बसण्यात काही साधना नाही. पाय मोकळे करा, पुन्हा बसा. उठताना घाई मात्र नको, बधिर पायावर वजन टाकलं की घोटा मुरगळतो.

कोकणात एक जादा भानगड आहे, जमीन. पावसात शहाबादीला घाम फुटतो, जांभ्याच्या भिंतीला ओल. ओल्या फरशीवर थेट चटई टाकू नका. खाली प्लॅस्टिकचा कागद, वर चटई, वर घोंगडी. रबरी मॅटला आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात आणि नाक जमिनीजवळ असलेल्या आसनांत ती थेट श्वासात जाते. एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, या मिश्रणाने पुसा आणि पंख्याखाली उभी टांगून वाळवा. गुंडाळून कपाटात ठेवली की संपलीच.

बैठकीआधीची आसनं त्या दिवशी शरीराने काय केलं त्यावर ठरवा, पुस्तकावर नाही. दिवसभर लावणीत वाकून आलेल्याला पश्चिमोत्तानासन देणं म्हणजे दुखऱ्या कमरेला पुन्हा वाकवणं. त्याला आधी मकरासन ३ मिनिटं, मग भुजंगासन ३ वेळा, प्रत्येकी ४-५ श्वास, कोपर वाकलेले, बेंबी जमिनीवर. शलभासन एकेका पायाने. जाळी ओढणाऱ्यांचे खांदे पुढे आलेले असतात, त्यांना गुंडाळलेली चादर पाठीच्या कण्याखाली लांबवर घालून हात पसरून ५ मिनिटं झोपवा, छाती उघडते. काजू सोलणाऱ्या बायकांना मान आणि मनगटं. कोकणी माणूस उकिडवा छान बसतो ही जमेची बाजू, मालासन शिकवावं लागत नाही. एकूण १२ ते १५ मिनिटं. घाम फुटेपर्यंत आसनं करून लगेच ध्यानाला बसलं तर पहिली पाच मिनिटं धाप उतरण्यातच जातात.

जेवणानंतर किती वेळाने? भात-आमटी-मासे असं पूर्ण जेवण असेल तर साडेतीन-चार तास. नुसती पेज असेल तर दोन तास पुरे.

कवडसा

श्वासाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

शांततेसाठी एकच गोष्ट धरायची तर उच्छ्वास श्वासापेक्षा लांब करा. मनात ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, दोन्ही नाकाने. एक अंक म्हणजे साधारण एक सेकंद. १० सेकंदांना एक श्वास, म्हणजे मिनिटाला ६. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. या गतीला तो चढउतार सर्वांत मोठा आणि लयीत होतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांना असं आढळलं, की लॅटिनमधली रोझरी (ख्रिस्ती जपमाळ) आणि "ॐ मणि पद्मे हुं" हे दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सुमारे ६ वर येतो. म्हणजे वसईकडची रोझरी काय किंवा माजघरातला जप काय, सावकाश म्हटला तर प्राणायामाचं काम होऊन जातं. घाईत उरकला तर नाही.

कुठे चुकतं? ६ ची सक्ती केली की. चारला आत घेताना खूप हवा ओढली तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. श्वास मोठा करायचा नाही, फक्त हळू. जमत नसेल त्यांनी ३ आत, ४ बाहेर इथून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला एकेक अंक वाढवावा. ५ मिनिटांनी सुरू, १० पर्यंत न्या.

भ्रामरी, म्हणजे उच्छ्वासाबरोबर भुंग्यासारखं गुणगुणणं, ७ आवर्तनं. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे. दात चिकटवले की कानशिलं दुखतात. कान अंगठ्याने हलके झाका, दाबू नका. आवाज मोठा नको, कपाळाच्या हाडात कंप जाणवला की पुरे. २००२ साली स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारं नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या १५ पट आढळलं होतं. नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी भ्रामरी सोडा.

सोऽहम् करणाऱ्यांनी मोजणी करू नये. पावसच्या स्वामी स्वरूपानंदांमुळे (१९०३ ते १९७४) रत्नागिरीकडे ही साधना घरोघर माहीत आहे. श्वास आत येताना सो, जाताना हं. इथे श्वास बदलायचा नसतो, ऐकायचा असतो. एकाच बैठकीत आधी ४-६ मोजायचं आणि मग सोऽहम् करायचं असेल तर मध्ये मिनिटभर काहीच करू नका, नाहीतर सोऽहम्लाही मोजणी चिकटते.

(अवांतर : सोऽहम् ही नाथपंथातली साधना, आणि नाथपंथाचं कोकणाशी नातं जुनं आहे. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीच्या बौद्ध लेण्यांतच पुढे नाथ सिद्धांच्या मूर्ती कोरल्या गेल्या. एकाच डोंगरात मैत्री-करुणा आणि हठयोग दोन्ही.)

रातांबा

वा, कवडसा! नाक चोंदण्यावरून जलनेतीचं (मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचं) सांगून टाकते, कारण समुद्राचं पाणी "नैसर्गिक" म्हणून वापरणारे महाभाग आहेत. समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्क्यांच्या आसपास, नाकाला लागतं ०.९ टक्के. जवळजवळ चौपट. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा. पाणी उकळून कोमट केलेलं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी न उकळता नाकात अजिबात नको, त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो आणि तो आजार जीवघेणा आहे. नेतीनंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके उच्छ्वास सोडा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानात जातं.

पणती

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून पथ्यंही इथेच असू देत. ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी मानवतंच असं नाही.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये, चिपळूणचा पूर २२ जुलै २०२१ ला. ज्यांनी छप्पर उडताना किंवा घरात पाणी चढताना पाहिलं आहे, त्यांना "डोळे मिटा आणि पावसाचा आवाज ऐका" असं सांगू नका. समुद्राची गाज बाकीच्यांसाठी उत्तम आलंबन (लक्ष टेकवायची जागा) आहे, यांच्यासाठी नव्हे. त्यांनी डोळे अर्धे उघडे ठेवावेत, नजर दीड-दोन हातांवर जमिनीवर, लक्ष तळपायांच्या स्पर्शावर, बैठक ५ मिनिटांची. छातीत धडधड वाढली, घाम सुटला, जुनी दृश्यं दिसू लागली तर लगेच उठून चालायला लागायचं. "सोसा, निघून जाईल" हा सल्ला शिक्षकाने देऊ नये. आठवडाभर झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं तर डॉक्टर. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

बाकी नेहमीचं. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार (फिट येणं), गरोदरपण यात कपालभाती आणि भस्त्रिका नाही, श्वास रोखणं नाही. काचबिंदू असेल तर शीर्षासनच काय, डोकं खाली जाईल असं कोणतंच आसन नको. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. वर्गात हे पहिल्या दिवशी विचारायचं, दहाव्या नाही. आणि डास पळवायला कॉइल लावून प्राणायाम करू नका, त्यापेक्षा मच्छरदाणीत बसा.

सड्यावरून

पणती, महत्त्वाचं लिहिलंत.

रातांबाताईंच्या मूळ प्रश्नाची एक बाजू राहिली आहे : फरक पडतो हे कळणार कसं? २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. आठ आठवडे ध्यान केलेले आणि न केलेले, दोघांनाही एका भरलेल्या प्रतीक्षागृहात बसवलं. कुबड्या घेतलेली, कण्हणारी एक बाई आत आली. बाकी बसलेले लोक आधीच ठरवून ढिम्म. न केलेल्यांपैकी १६ टक्के जागा द्यायला उठले, केलेल्यांपैकी सुमारे निम्मे. प्रयोग लहान होता, चाळीसच्या आत माणसं, त्यामुळे त्यावर फार उड्या मारू नका. पण मोजमाप बघा काय होतं. "तुम्हाला किती करुणा वाटते" असं त्यांनी विचारलं नाही, खुर्ची सोडली का एवढंच पाहिलं. आणि गंमत म्हणजे तिथे नुसतं ध्यान केलेल्यांत आणि करुणेचं ध्यान केलेल्यांत फरक दिसला नाही. म्हणजे माझ्या पहिल्या प्रतिसादावर हा आक्षेपच आहे, तोही नोंदवून ठेवतो.

आपल्यासाठी : बैठक संपताना एकच संकल्प, नाव, वेळ आणि काम यांसकट. "सगळ्यांशी चांगला वागेन" हा संकल्प नव्हे. "लाइट गेली की वरच्या आळीतल्या आजींकडे बॅटरी घेऊन जाईन" हा संकल्प. दुसऱ्या दिवशी बसताना झालं की नाही एवढंच बघायचं, स्वतःला मार्क द्यायचे नाहीत.

बंदरवाट

बरां. पाट नि गोधडी घेतलंय. माका घरात करमणा नाय, वेळेवर (किनाऱ्यार) बसला तर चलात मां? सकाळी सहाक.

सोनचाफा

बंदरवाटभाऊ, आत्ता पावसात वेळेवर अजिबात नको, लाटेचा भरवसा नाही. नारळी पौर्णिमेनंतर जा. उतरत्या वाळूवर उभी आसनं नकोत, एक पाय कायम खाली राहतो आणि घोटा, गुडघा दोन्ही दुखतात. बसायचं तर ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर, तोंड चढाकडे नको, समुद्राकडे असू दे, बुडाखाली पाट. आणि उगवत्या-मावळत्या सूर्यावर त्राटक (टक लावून बघणं) कोणी सांगितलं तरी करू नका, डोळ्याच्या पडद्याला इजा होते.

बंदरवाट

भरतीचा हिशेब माका नको शिकवू गे बाय 😀 तिथीची पाऊणपट म्हंजे भरतीची वेळ. पुनवेक नि आवसेक साडेअकरा-बाराच्या सुमाराक भरती, म्हंजे सहाच्या सुमाराक सुकती, वाळू मोकळी. अष्टमीक सहाकच भरती, त्या दिवशी पडवेत.